कावळा शिवेना

आमच्या धंद्यात दात असतात ते धागा धरायला. थ्रेडिंग करताना धाग्याचं एक टोक दातांत, बाकीचा पीळ दोन्ही हातांच्या बोटांत आणि समोर खुर्चीत मान मागे टाकून बसलेली बाई. माझं तोंड बंद, तिचं मोकळं. थ्रेडिंगने डोळ्यांत पाणी येतच असतं, त्यामुळे त्यातले दोन थेंब वेगळ्या कारणाचे असले तरी कोणी विचारत नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत इतकी वर्षं पार्लर चालवल्यावर मी छातीठोकपणे सांगते, बायका मला मनातलं सांगतात ते माझ्या गोड स्वभावामुळे नाही. मी मध्ये बोलू शकत नाही म्हणून सांगतात. माझ्या नवऱ्याला हे पटतं. तो म्हणतो, एक रीळ घरीपण आणून ठेव.

पार्लर म्हटलं की लोकांना नवरी आठवते. नवरी तिथी बघून येते आणि जाते. पार्लर वर्षभर चालतं ते हनुवटीवर. भुवया सगळ्याच करून घेतात, ओठावरची लवही बहुतेकींना असते. पण दर आठ-दहा दिवसांनी हनुवटीवरचे आणि गालाच्या कडेचे राठ केस काढायला येणारी बाई वेगळी ओळखू येते. ती फोन करून, गर्दी नसताना येते. आल्या आल्या दार लोटून घेते. "फक्त आयब्रो" म्हणते. भुवया झाल्या की आरशात बघत हळूच हनुवटीला बोट लावते, "जमलं तर हे पण." मीही आत्ताच दिसल्यासारखं करते.

मला हे लगेच कळतं, कारण माझी पहिली गिऱ्हाईक मीच. कॉलेजात असताना माझी पाळी मुक्कामी एसटीसारखी होती. येणार एवढं नक्की, कधी ते कंडक्टरलाही सांगता येणार नाही. हनुवटीवर केस आले तेव्हा आईने डाळीचं पीठ चोळलं आणि लग्न झाल्यावर होईल नीट, असं सांगितलं. लग्न झालं. केस होते तिथेच राहिले. पुढे मूल होईना म्हणून डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा या सगळ्याला मिळून एक नाव आहे, पीसीओएस, हे कळलं. दरम्यान चिमट्याने उपटायचा कंटाळा येऊन मी पुण्यात एका बाईंकडे धागा शिकले होते. शिकलोच आहोत तर चार जणींचं करावं म्हणून दुकान टाकलं. कोणाला कला या धंद्यात आणते, मला दाढीने आणलं.

डॉक्टरबाईंनी तेव्हा समजावलं ते मी आजही जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगते. दर महिन्याला बीजकोशातून एक बीज पिकून बाहेर पडायला हवं. आमच्यात बरीचशी एकदम तयारीला लागतात आणि अर्ध्यात थांबतात. सोनोग्राफीत ती कडेने मण्यांसारखी दिसतात. बीज सुटलं नाही की पाळी लांबते. पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईत थोडं असतंच, ते जास्त होतं, मग केस नको तिथे येतात आणि हवे तिथून जातात. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. त्यामुळे वजन वाढतं, मान काळी पडते आणि साखर दारात येऊन उभी राहते. हे मुळापासून जाणारं दुखणं नाही. त्याच्याबरोबर राहायचं, पण नजर ठेवून. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी वेळच्या वेळी तपासायची, वजन आवरायचं, आणि मन फार खचायला लागलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण तेही यातच येतं.

मी सकाळी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढते. लोकांना वाटतं बाई भाविक आहे. गिरिजात्मजाला खरं कारण ठाऊक आहे, पण त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उशिरा का होईना एक मुलगी झाली. पाळी आता वयाने थांबली. साखर अजून काठावर उभी आहे आणि मी तिच्यावर डोळा ठेवून असते.

एकदा घोडेगावची एक आई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आली. "हिची मान तेवढी उजळून द्या. नीट अंघोळ करत न्हाई." मान लिंबू, सोडा आणि घासणी लावून सोलून काढलेली होती. मी म्हटलं, हा मळ नाही, आधी रक्तातली साखर बघून घ्या. आई म्हणाली, "ब्लीच येत नसंल तर सरळ सांगा की." आणि दुसऱ्या पार्लरमध्ये गेली. लग्नानंतर काही महिन्यांनी ती मुलगी एकटीच रिपोर्ट घेऊन आली. साखर वाढायला लागली होती. मान अजून काळीच होती, लग्नाच्या फोटोत मात्र उजळ आली आहे.

सगळ्या जणी जाड असतात असंही नाही. घाटघरची एक अंगाने काटकुळी मुलगी हनुवटीसाठी यायची. मी सवयीने म्हणाले, रोज थोडं चालत जा. ती म्हणाली, "ताई, पाण्याला खाली उतरते, डोक्यावर घिऊन वर येते, दिसभर भाताच्या खाचरात असते. आजून कुठं चालू, तेवढं सांगा." त्यानंतर सल्ला देण्याआधी मी गाव विचारते.

पण आज लिहायला बसले आहे ती मंदासाठी. हे तिचं खरं नाव नाही, पण तिनेच निवडून दिलं आहे.

मंदा आळे गावची. बागायतदाराचं घर, तीन सुना, त्यात ही मधली. वय चाळिशीच्या अलीकडे. एक मुलगी, तीही बरीच औषधं झाल्यावर झालेली. तेव्हा डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं होतं. मूल झालं आणि औषधं बंद झाली, कारण घरात सगळ्यांचा समज असा की ते मूल होण्याचं औषध होतं. दर चतुर्थीला ती लेण्याद्रीला जाते म्हणून घरून निघायची. जायचीही, पण आधी माझ्याकडे. देवासमोर हनुवटी स्वच्छ असावी, एवढंच तिचं म्हणणं.

इथे बाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे बाईची पाळी आली की "कावळा शिवला" म्हणतात. शिवला की चार दिवस ती देवाच्या खोलीत जात नाही, सणाच्या स्वयंपाकाला हात लावत नाही. आता बऱ्याच घरांत एरवी कोणी पाळत नाही, पण गौरी-गणपतीत, नवरात्रात, सत्यनारायणाला सगळ्यांना अचानक आठवतं. मग सुना मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. मंदाला त्या गोळ्या लागायच्याच नाहीत. तिला कावळा शिवायचाच नाही. सहा महिने नाही, आठ महिने नाही. थोरली बाजूला बसो, धाकटी बसो, मंदा आहेच. पुरण तिचं, सोळा भाज्या तिच्या, गौरीचा नैवेद्य तिचा. पुढे पुढे भावकीतूनही बोलावणी यायला लागली. "मंदाकाकूला बोलवा, तिची अडचण नसती." सासूला ती आत्याबाई म्हणते; त्या चारचौघांत सांगायच्या, "आमची मंदा देवाची हाय. तिला कावळा शिवत न्हाई."

आमच्याकडे कावळ्याने दोन ठिकाणी शिवायचं असतं. दहाव्याला पिंडाला आणि महिन्याला बाईला. पिंडाला शिवला नाही तर सगळं गाव नदीवर हात जोडून उभं राहतं, काय राहिलं, काय चुकलं म्हणून मेलेल्याला विचारतं. बाईला शिवला नाही तर कोणी काही विचारत नाही. मंदाला तर त्याबद्दल मान मिळत होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात तिच्यावाचून कोणाचं तरी अडत होतं, आणि हे तिने मला स्वतः सांगितलं आहे.

एका श्रावणात ती आली. हनुवटी करून झाली, धागा सोडला आणि मी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

"मागच्या दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. आवाजात जरा अभिमान होता.

मी सांगितलं, तीन महिन्यांच्या वर असं सोडायचं नसतं, डॉक्टरबाईंना दाखव. त्या गोळ्या देतील, पाळी येईल.

"आत्ता येईल?"

"आत्ताच यायला हवी."

"गौरी तोंडावर आल्यात ताई. आत्ता आली तर सैपाक कोण करील? गौरी झाल्यावर बघू."

मी पुन्हा सांगितलं. तिने पर्स उचलली आणि दर्शनाला गेली.

गौरी झाल्या. त्यानंतरच्या चतुर्थीला मंदा आली ती पांढरीफटक. खुर्चीत बसून मान मागे टाकली. मी धागा दातांत धरला आणि ती छताकडे बघत बोलायला लागली.

"ताई, गौरीच्या आदल्या दिवशी मला जरासं दिसलं. डागच व्हता. मी म्हणलं, ही पाळी न्हाई, पाळी अशी नसती. दुसऱ्या दिवशी बी व्हतं. पुरण शिजत व्हतं, दारात पावणं. कुणाला सांगू? सगळा नैवेद्य माज्या हातचा झाला. गौरी जेवल्या. तवापासून थांबलं न्हाई. कधी डाग, कधी लई जातं. तुमी सांगितलंत तसं डॉक्टरकडं जायचं व्हतं. पण ती कधीपासनं म्हणून तारीख विचारनार. तारीख सांगितली की घरी कळनार, गौरीत शिवला व्हता म्हणून."

एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकाचं अर्धं काम टाकून कधी धागा सोडला नव्हता. त्या दिवशी सोडला. एक बाजू झाली होती, एक राहिली होती. दुकानाला कुलूप लावलं आणि तिला तशीच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी तारीख विचारली. मंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग. तिने सांगितली. त्यांनी लिहून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला. गौरींचा विषयच निघाला नाही.

सोनोग्राफी झाली. मग त्यांनी मंदाला समजेल असं सांगितलं. गर्भपिशवी दर महिन्याला आतून अस्तर घालते. पाळी आली की ते उसवून बाहेर जातं. पाळी आलीच नाही तर ते वाढत राहतं. फार वाढलं की कुठूनतरी आपल्या मनाने सुटायला लागतं, तेच हे रक्त. आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर कधी कधी त्या अस्तरातच कॅन्सर सुरू होऊ शकतो. म्हणून आतला तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

मंदाने विचारलं, "म्हणजे मला झालाय?"

"माहीत नाही. म्हणूनच पाठवायचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटा धीर त्या देत नाहीत. कधी कधी त्यांनी द्यावा असं वाटतं.

तुकडा काढला, पाठवला. रिपोर्ट यायला वेळ होता. ते दिवस मी नीट काम केलं नाही हे कबूल करते. एका शिक्षिकेच्या दोन भुवया दोन जातींच्या झाल्या. त्या मुख्याध्यापिका असल्याने शाळेत कोणी बोललं नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी दार उघडून आत्याबाई आत आल्या. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते विचारावं लागलं नाही. नऊवारी, हातात पिशवी, आणि पार्लरकडे बघण्याची नजर अशी, की जणू दारूच्या दुकानात शिरल्यात.

"तुमीच का त्या? माज्या सुनंला दवाखान्यात नेणाऱ्या?"

"हो. बसा."

बसायला एकच खुर्ची मोकळी होती, थ्रेडिंगची. त्या बसल्या. आरशात स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "आता आलेच हाय तर हे बी काढा. टोचत्यात."

म्हातारपणी चार पांढरे राठ केस येतात, त्यात काळजीचं काही नसतं. मी धागा दातांत धरला. आणि आत्याबाईही सगळ्यांसारख्याच छताकडे बघत बोलायला लागल्या.

"तिनं मला समदं सांगितलं. गौरीचं बी. राती रडत व्हती. माजी नणंद व्हती, चिंगी म्हणायचो. तिला बी असंच, कावळा शिवायचा न्हाई. लई मान व्हता तिला. गावातल्या समद्या पूजेला तिच्या हातचा परसाद. मंग एक वर्स रगत सुरू झालं ते थांबलंच न्हाई. दवाखान्यात नेली तवा डॉक्टर म्हणला, उशीर केला. आमाला वाटलं, कुणी करणी केली. लई कोंबडी सोडली आमी, लई नारळ फोडलं." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "मंदाला मी देवाची म्हणायची ना, चिंगीला बी तसंच म्हणायचो. मला आठवायला पायजे व्हतं."

माझ्या दातांत धागा होता. मी उरलेला केस ओढला.

केस निघाले. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि उठल्या. मला राहवलं नाही, विचारलं, "आत्याबाई, गौरीच्या नैवेद्याचं काय म्हणालात तिला?"

"काय म्हणनार? गौरी जेवल्या, पाटावरून उठल्या, गेल्या. मागारी तक्रार आली न्हाई." पिशवी घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "रिपोट कधी येनार?"

"येत्या सोमवारी."

"मी येते संगं."

सोमवारी आम्ही तिघी डॉक्टरबाईंसमोर बसलो. मंदाने माझा हात धरला होता, आत्याबाईंनी स्वतःची पिशवी. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. कॅन्सर नव्हता. अस्तर मात्र फार वाढलेलं होतं आणि अजून तसंच राहिलं असतं तर पुढची खात्री कोणी दिली नसती. आता काही महिने रोज गोळ्या, मग पुन्हा तुकडा तपासायचा. शिवाय साखरही वाढलेली निघाली, तिचंही औषध सुरू करायचं आणि खाण्याचं बघायचं. आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पुरणपोळी चालंल का?"

"एखादी. तुपाची धार जरा कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"करतीय तीच," आत्याबाई म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर मीही रडले. मंदा मात्र रडली नाही. तिला भूक लागली होती, म्हणून आम्ही भेळ खायला गेलो.

त्यानंतर मंदाने एकही गोळी चुकवली नाही. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहायच्या. दुसरा तुकडा साफ आला. मग डॉक्टरबाईंनी औषध बदललं. आता गोळ्या ठरावीक दिवस घ्यायच्या, बंद केल्या की दोन-चार दिवसांत पाळी येते, म्हणजे अस्तर साठत नाही. मंदा अजून चतुर्थीला येते. हनुवटी आहे तिथेच आहे. केस जरा मऊ झालेत असं ती म्हणते, मला तरी तसं दिसत नाही, पण मी हो म्हणते. मानेचा काळेपणा थोडा कमी झाला आहे, ते मात्र खरंच. आता दोघी जणी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो. देवापर्यंत पोहोचलो की दोघींनाही इतकी धाप लागलेली असते की मागायचं काय ते आठवत नाही.

यंदाच्या गौरींच्या आदल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "ताई, गोळ्या चार दिवस लांबवल्या तर? गौरीतच येतीय." मी म्हटलं, माझ्याकडे धागा आहे, पदवी नाही, डॉक्टरबाईंना विचार. त्या म्हणाल्या, एखाद्या वेळी चार-पाच दिवसांनी काही बिघडत नाही. मंदा खुशीत घरी गेली. मला वाटलं, मिटला प्रश्न.

गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांना हळदीकुंकवाला जाण्याआधी चेहरा हवा असतो. एकीच्या ओठावरचं काम अर्धं झालं होतं आणि फोन वाजला. आळ्याचा. मी धागा दातांत धरूनच फोन कानाला लावला.

"पार्लरवाल्या बाई का?" आत्याबाईंचा आवाज. मागे भांड्यांचा गोंगाट. "मंदाला आज कावळा शिवला."

मी हुंकार दिला.

"ती म्हणत व्हती, गोळ्या फुडं ढकलू. डॉक्टरीण बी हो म्हणली म्हणं. मी म्हणलं, आजाबात न्हाई. लई वर्सं ढकललं." त्यांनी कोणाला तरी आच कमी करायला सांगितलं. "बसलीया भाईरच्या खोलीत. तिथनं सांगती, पुरण पातळ झालंय. झालंय खरं."

मी धागा सोडला. "मग पोळ्या कोण करतंय?"

"मी. फुटत्यात."

बाजूला बसणं मला पटत नाही. हे मी आत्याबाईंना पुढे कधीतरी सांगेन. पण कितीतरी वर्षांनी मंदा गौरीच्या दिवशी पाय पसरून बसली होती, म्हणून त्या वेळी मी गप्प राहिले. खुर्चीतली बाई अर्ध्या मिशीने माझ्याकडे बघत होती.

"डॉक्टरीणबाईला तेवढं कळवा," आत्याबाई म्हणाल्या. "आन् गौरीला नैवेद्य दावायच्या आधी पैली पोळी मी पत्र्यावर ठिवली. फुटकी व्हती, पण तूप घातलंय."

"पत्र्यावर? कोणाला?"

"कुणाला म्हंजी? कावळ्याला."